वनाची राखण आणि गावाची नोंदवही



परिसराचा पाठ शिकविताना 'वने ही राष्ट्राची संपत्ती आहे' हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो, मुले ते वहीत उतरून घेतात आणि परीक्षेत तसेच लिहून गुणही मिळवितात. परंतु त्याच गावच्या सीमेवरचा शंभर वर्षांचा बेहडा एके दिवशी तोडला जातो, तेव्हा त्या वाक्याचा व त्या झाडाचा काही संबंध आहे हे ना मुलाच्या ध्यानात येते, ना पालकाच्या. ज्ञान पुस्तकात राहिले व झाड गावात राहिले, तर दोघांची गाठ पडावी कशी? ही गाठ एका ठिकाणी कशी घातली गेली, तिच्यापासून काय साधले व काय साधले नाही, आणि आपल्या जिल्ह्यातील शाळांना त्यातून काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. पर्जन्यवन आणि त्याचे बी

ज्या प्रदेशात पाऊस भरपूर पडतो, हवा उष्ण व दमट असते आणि झाडे एकाच ऋतूत सर्वच्या सर्व पाने गाळीत नाहीत, तेथील दाट अरण्यास सदाहरित वन किंवा पर्जन्यवन म्हणतात. कोरडा काळ थोडा अधिक असेल तर काही झाडे पाने गाळतात व काही हिरवी राहतात. त्यास अर्धसदाहरित वन असे नाव आहे. सह्याद्रीच्या घाटउतारावरील राने व ईशान्य भारतातील पायथ्याची अरण्ये या दोन्ही प्रकारांत मोडतात.

या अरण्यातील झाडांपुढे एक मोठी अडचण असते. उंच वृक्षाखाली सूर्यप्रकाश जेमतेम पोहोचतो. वृक्षाचे बी त्याच्याच बुंध्याशी पडले, तर ते सावलीत कुजते, किडींच्या व उंदरांच्या भक्ष्यस्थानी पडते किंवा आईच्याच मुळांशी झगडता झगडता मरते. म्हणून बी दूर गेले पाहिजे. सावरीचा कापूस वारा नेतो. परंतु सुपारीएवढे जड बी वाऱ्याने हलत नाही. त्यासाठी झाड फळाचा गर देते आणि त्या मोबदल्यात पक्ष्यांकडून व प्राण्यांकडून बियांची वाहतूक करून घेते. बी जितके मोठे, तितके ते गिळू शकणारे पक्षी थोडे. मोठ्या बियांची फळे सबंध गिळून, दूर उडून जाऊन, बी शाबूत टाकून देणारा आपल्याकडील प्रमुख पक्षी म्हणजे धनेश होय. धनेश नाहीसा झाला तरी अरण्य दुसऱ्या दिवशी वाळत नाही. जुनी झाडे उभीच असतात. परंतु त्यांच्या जागी येणारी रोपे हळूहळू विरळ होत जातात. हा तोटा एका पिढीच्या नजरेस येत नाही, म्हणूनच तो अधिक घातक समजावा.

२. धनेशाचा संसार

धनेशाच्या अनेक जाती आहेत. आपल्या कोकणात राजधनेश, कवड्या धनेश व राखी धनेश आढळतात. राजधनेशास कित्येक गावांत 'गरुड' म्हणतात, तर कवड्या धनेशास 'ककणेर' हे नाव ऐकू येते. राजधनेश हा सुमारे तीन किलो वजनाचा, चोचीवर पिवळे शिरस्त्राण मिरविणारा भव्य पक्षी आहे. तो उडू लागला की पंखांचा घोंगावणारा आवाज दूरवर ऐकू येतो. केरळ व अरुणाचल प्रदेश या दोन राज्यांनी त्यास राज्यपक्ष्याचा मान दिला आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे.

या पक्ष्याची घर करण्याची रीत विलक्षण आहे. त्यास स्वतः ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून झालेल्या जखमेत वर्षानुवर्षे लाकूड कुजून जी नैसर्गिक ढोली तयार होते, तिच्यावरच तो अवलंबून असतो. एवढ्या मोठ्या पक्ष्यास मावेल अशी ढोली केवळ जुन्या व जाड वृक्षातच सापडते. विणीच्या हंगामात मादी ढोलीत शिरते व विष्ठा, फळांचा चोथा व माती यांनी दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी उभी फट तेवढी ठेवते. आत ती अंडी उबविते आणि त्याच काळात तिची उडण्याची पिसे गळून नवी येतात. या सर्व दिवसांत नर वड, उंबर व इतर रानफळे, तसेच लहानसहान जीव आणून फटीतून भरवितो. राजधनेशाची मादी पिल्लू काहीसे मोठे झाल्यावर बाहेर पडते. पिल्लू आतून दार पुन्हा लिंपून घेते आणि मग दोघे मिळून त्यास भरवितात. हा सगळा प्रपंच सुमारे चार महिने चालतो, आणि एवढ्या कष्टानंतर बहुधा एकच पिल्लू बाहेर येते.

आता याचा अर्थ लक्षात घ्यावा. या चार महिन्यांत कोणी नराची शिकार केली, तर मरणारा पक्षी एक नसतो. पिसे गळालेली मादी व पिल्लू ही दोन्ही त्याच्या मागोमाग जाण्याचा धोका असतो. तसेच ढोलीचे एक झाड तुटले, तर एक झाड गेले एवढेच होत नाही; पुढील कित्येक वर्षे पिढ्या वाढविणारे एक घर गेले. धनेशाचे रक्षण म्हणजे काही ठराविक झाडांचे व काही ठराविक महिन्यांचे रक्षण होय. आणि हेच कारण आहे की, ते काम दूरच्या अधिकाऱ्यापेक्षा जवळच्या गावकऱ्यास अधिक चांगले करता येते.

३. पाक्के येथील निशी गावांचा प्रयोग

अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम भागात, आसामच्या सीमेलगत, पाक्के नावाचे अरण्य आहे. सुमारे ८६२ चौरस किलोमीटरच्या या अरण्यास २००२ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याच्या शेजारी पापुम हे राखीव वन आहे. परिसरातील गावांत मुख्यत्वे निशी जमातीचे लोक राहतात. धनेशाला निशी भाषेत 'पागा' म्हणतात, आणि निशी पुरुषांच्या वेताच्या पारंपरिक टोपीवर राजधनेशाची चोच लावण्याची पूर्वापार चाल होती. ती चोच म्हणजे पुरुषाच्या प्रतिष्ठेचे चिन्ह. त्यामुळे चोचीसाठी, पिसांसाठी व मांसासाठीही धनेशाची शिकार होत असे.

येथे दोन मार्ग संभवत होते. एक, लोकांना अपराधी ठरवून बंदुकीच्या व दंडाच्या जोरावर शिकार थांबविणे. दुसरा, त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का न लावता पक्षी वाचविणे. २००० नंतरच्या काळात वनखाते व वन्यजीवांसाठी काम करणारी मंडळी यांनी काचतंतूपासून बनविलेल्या कृत्रिम चोची लोकांस उपलब्ध करून दिल्या. टोपी राहिली, मान राहिला आणि पक्षीही वाचू लागला. परंपरा मोडावयाची की टिकवावयाची, असा वाद घालण्यापेक्षा परंपरेला नवे साधन देणे अधिक फलदायी ठरले, हे शिक्षकाने मनाशी नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

पुढे परिसरातील ग्रामप्रमुखांनी एकत्र येऊन 'घोरा आभे' नावाची संस्था स्थापन केली व शिकारीवर आणि वृक्षतोडीवर स्वतःच निर्बंध व दंड ठरविले. २०११-१२ च्या सुमारास ही संस्था, अरुणाचलचे वनखाते आणि निसर्ग संरक्षणाचे संशोधन करणारी 'नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन' ही संस्था या तिघांनी मिळून 'धनेश-घरटे दत्तक योजना' सुरू केली. धनेशांच्या अभ्यासात अनेक वर्षे घालविलेल्या डॉ. अपराजिता दत्त यांचा या कार्यात पुढाकार होता; त्यांना या क्षेत्रातील कार्याबद्दल २०१३ साली व्हिटली पुरस्कार मिळाला.

योजनेचे स्वरूप साधे आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या आतील घरट्यांना पहारा असतो. परंतु बाहेरच्या राखीव वनातील घरट्यांना तसा पहारा नव्हता. तेथील घरटी शोधणे व राखणे हे काम गावातील माणसांवर सोपविण्यात आले. त्यांना 'घरटे-राखणदार' म्हणतात. दूरच्या शहरांतील नागरिक एकेका घरट्यासाठी वर्षाची देणगी देतात. त्यातून राखणदारांचे वेतन निघते व काही भाग ग्रामप्रमुखांच्या संस्थेकडे जातो. राखणदारांपैकी काही जण पूर्वी स्वतः शिकारी होते. यात नवल वाटण्याचे कारण नाही. कोणत्या झाडावर कोणत्या महिन्यात पक्षी येतो, कोणती पाऊलवाट कोठे निघते, आवाज कोणाचा व कोठून आला, हे शिकाऱ्याइतके कोणास ठाऊक असणार? ज्ञान तेच राहिले, फक्त त्याचा उपयोग पालटला.

या कार्याबद्दल पाक्के व्याघ्र प्रकल्पास भारत जैवविविधता पुरस्कार २०१६ मध्ये गौरविण्यात आले. जानेवारी २०१५ पासून तेथे 'पाक्के पागा' या नावाने धनेश-महोत्सवही भरू लागला. ज्या पक्ष्याच्या चोचीने टोपी सजत असे, त्याच पक्ष्याच्या नावाने गावाचा उत्सव होऊ लागला.

४. राखण आणि नोंद ही जुळी भावंडे

राखणदार केवळ झाडाखाली बसून राहत नाहीत. ते हंगामभर ठराविक दिवशी घरट्यापाशी जातात, लांबून पाहतात आणि लिहितात: मादी कोणत्या आठवड्यात आत गेली, नर किती वेळा आला, त्याने कोणते फळ आणले, दार केव्हा फुटले, पिल्लू बाहेर पडले की घरटे वाया गेले. नदीकाठच्या ज्या झाडांवर धनेश संध्याकाळी थव्याने मुक्कामास येतात, तेथे मोजणीही होते. अशा नोंदी वर्षानुवर्षे साठल्या म्हणजे काही प्रश्नांना उत्तरे मिळू लागतात. घरटी वाढली की घटली? एखाद्या जातीची विण लांबू लागली काय? कोणती झाडे त्यांना वारंवार लागतात? या उत्तरांवाचून राखण करणे म्हणजे हजेरीपत्रकावाचून शाळा चालविण्यासारखे आहे. मुले येतात असे वाटते, पण किती येतात व कोण गळाले हे कळत नाही.

नोंदीचा एक नियम मात्र मुलांच्या मनावर आरंभीच ठसविला पाहिजे. 'दिसला नाही' हीसुद्धा नोंद आहे. जेव्हा पक्षी दिसला तेव्हाच लिहावयाचे व दिसला नाही त्या दिवशी वही उघडावयाची नाही, असे झाले तर वहीत पक्षी नेहमीच भरपूर दिसेल, मग रानात तो एकच का उरलेला असेना. समजा, एका वर्षी मुलांनी दहा दिवस पाहणी केली व त्यांपैकी सहा दिवशी धनेश दिसला. दुसऱ्या वर्षी वीस दिवस पाहणी केली व आठ दिवशी दिसला. 'पक्षी सहावरून आठवर गेले,' असे मुले आनंदाने सांगतील. परंतु पहिल्या वर्षी शेकडा ६० दिवशी, तर दुसऱ्या वर्षी शेकडा ४० दिवशीच पक्षी दिसला. दिसणे वाढले नाही, पाहणे वाढले. शेकडेवारीचा धडा याहून चांगल्या उदाहरणाने क्वचितच शिकविता येईल.

दुसरा नियम असा की, जागा, वेळ व रीत बदलू नये. आज सकाळी देवळामागे, उद्या दुपारी नदीवर, परवा संध्याकाळी घाटात अशा पाहण्या केल्या तर त्यांची तुलना होत नाही. एकच जागा, आठवड्याचा एकच वार आणि दिवसाची एकच वेळ ठेवावी.

५. यशाची मर्यादा

कोणताही प्रयोग सांगताना त्याची दुसरी बाजू झाकणे शिक्षकास शोभत नाही. पाक्के येथे घरट्यांचे रक्षण होत असतानाच पापुमच्या राखीव वनात बेकायदा वृक्षतोड चालू राहिली. २०१३ ते २०१७ या काळातील उपग्रहचित्रांच्या अभ्यासात तेथील वनाच्छादन घटल्याचे दिसून आले. म्हणजे झाड राखले, पण सभोवतीचे रान आकसले. ढोली सुरक्षित असली तरी नराने फळे आणावयाची कोठून? गावाची राखण थोर खरी. परंतु लाकडाचा व्यापार, रोजगाराची वाण व शासनाची अंमलबजावणी या तीन गोष्टी तिच्या आवाक्याबाहेर जातात, तेव्हा तिला इतरांचे पाठबळ लागते.

तथापि, वनाची घट किती व कोठे झाली आणि तिचा घरट्यांवर काय परिणाम होत आहे, हे ठामपणे सांगता येते ते नोंदी असल्यामुळेच. नोंद झाड वाचवीलच असे नाही. परंतु नोंद नसेल तर झाड होते हेही सिद्ध करता येत नाही.

६. आपला जिल्हा आणि आपली राने

पाक्के दूर आहे. मग त्याची कथा कोकणातील शिक्षकास कशासाठी सांगावी? कारण प्रश्न सारखाच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अत्यल्प असून बहुतेक झाडी खाजगी मालकीची आहे. राजधनेशाची व ककणेराची ढोली बहुधा कोणाच्या तरी बागेच्या कडेला, मळ्याच्या बांधावर किंवा देवराईत उभ्या असलेल्या बेहड्यात वा जुन्या आंब्यात असते. ते झाड राखावयाचे की सरपणासाठी विकावयाचे, हा निर्णय वनखात्याच्या कचेरीत होत नाही; तो मालकाच्या ओटीवर होतो. मुलीचे लग्न, घराची दुरुस्ती किंवा रुग्णालयाचा खर्च उभा राहिला म्हणजे ठेकेदार नेमका दारात येतो. अशा मालकास 'झाड तोडणे पाप आहे' असे सुनावणे सोपे आहे; त्याची अडचण समजून घेऊन मार्ग काढणे हे खरे काम आहे.

देवराईची गोष्ट याहून निराळी व आशादायक आहे. ग्रामदेवतेच्या नावे राखलेल्या या रानातून कौल लावल्यावाचून काडी उचलावयाची नाही, हा नियम आपल्या पूर्वजांनी घातला व शतकानुशतके पाळला. १९७० नंतरच्या दशकात डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास करून त्यांचे मोल विद्वानांच्या नजरेस आणून दिले. लोकांनी चालविलेले वनसंरक्षण ही काही बाहेरून आणावयाची कल्पना नव्हे. ती आपल्याच गावच्या वेशीवर उभी आहे. परंतु आज कित्येक ठिकाणी मंदिराचा जीर्णोद्धार, सभामंडप, रस्ता व वाहनतळ यांसाठी देवराईचीच झाडे जातात. देवाचे घर मोठे होते व देवाचे रान लहान होते. गावकर-मानकरी मंडळी हे दुष्टपणाने करीत नाहीत. त्या रानात काय आहे हे कोणी मोजलेले नसते, म्हणून काय गेले हे कोणास कळत नाही. मोजदाद करून ती गावासमोर ठेवणे, हे शाळेस सहज करता येण्यासारखे काम आहे.

कायद्यानेही यास जागा दिली आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व तिच्याकडून लोकजैवविविधता नोंदवही तयार होणे अपेक्षित आहे. पुष्कळदा ही वही एकदा घाईने भरून कपाटात जाते. शाळेची पाहणी दरवर्षी त्या समितीस सादर झाली, तर ती वही जिवंत राहील आणि मुलांचे श्रमही फुकट जाणार नाहीत.

७. शाळेने करावयाची कामे

(अ) प्रथम गावातील जाणत्या माणसांची गाठ घ्यावी. गुराखी, मधाचे पोळे काढणारे, पूर्वी शिकारीस जाणारे आजोबा, रानभाज्या ओळखणाऱ्या आजी यांना वर्गात पाहुणे म्हणून बोलवावे. पक्ष्यांची व झाडांची गावातील नावे मुलांनी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी. पुस्तकी नाव शेजारी मागाहून लिहावे. गावचे नाव खोडून पुस्तकी नाव घालू नये.

(आ) नंतर मोठ्या झाडांची यादी करावी. छातीच्या उंचीवर दोरीने घेर मोजावा, झाडाचे नाव, जागा, ढोली आहे किंवा नाही, आणि मालक कोण हे लिहावे. खाजगी जागेत मालकाच्या संमतीवाचून पाऊल टाकू नये. संमती मागावयास मुलांनी शिक्षकांसह जावे. या भेटीतच अर्धे काम होते. आपल्या बांधावरचे झाड गावातील सर्वांत जाड बेहडा आहे, असे मुलांकडून ऐकल्यावर मालकाची त्या झाडाकडे पाहण्याची दृष्टी बदलू शकते.

(इ) फळांचे पंचांग करावे. वड, उंबर, पायर, काजरा, जांभूळ, रानजायफळ यांपैकी जी झाडे गावात असतील, ती कोणत्या महिन्यात फुलली, पिकली व कोणते पक्षी त्यांवर आले, याचा तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावावा.

(ई) पाहणीची वही सर्व शाळांत सारखी असावी. रकाने पुढीलप्रमाणे पुरेत: तारीख, वेळ, कोठून कोठपर्यंत, जागा, हवामान, काय दिसले अथवा ऐकू आले, संख्या, काही दिसले नसल्यास 'नाही', पाहणाऱ्यांची नावे, शेरा. अंदाजाने लिहिलेल्या संख्येपुढे 'अंदाजे' हा शब्द अवश्य घालावा. खाडाखोड करावयाची झाल्यास एक रेघ ओढून शेजारी दुरुस्ती करावी. रबराने पुसू नये.

(उ) धनेशाचे घरटे आढळल्यास विशेष काळजी घ्यावी. ढोलीच्या झाडाजवळ मुलांना नेऊ नये. दूरच्या आडोशाने, फार तर चार-पाच जणांनी, रंग न उठणारे कपडे घालून, मुकाट्याने पाहावे. मादी नुकतीच आत बसली असेल त्या आठवड्यांत तर जाऊच नये. झाडावर चढणे, ढोलीत काठी घालणे, पिल्लू बाहेर पडल्याचे पाहून ते उचलून आणणे या गोष्टी सर्वथा निषिद्ध होत. घरट्याची नेमकी जागा वा छायाचित्र भ्रमणध्वनीवरून सर्वत्र पाठवू नये, कारण अशी वार्ता चांगल्या माणसांबरोबर वाईट माणसांपर्यंतही पोहोचते. एका पाळीत नर आला नाही म्हणून अनर्थ झाला असे मानण्याची घाई करू नये; तथापि कित्येक दिवस तो दिसेनासा झाला किंवा झाडावर कुऱ्हाडीची खूण दिसली, तर पंचायत व वनरक्षक यांस तात्काळ कळवावे.

(ऊ) या कामात दोन व्यावहारिक अडथळे निश्चित येणार, त्यांची तजवीज आधीच करावी. पहिला अडथळा सुट्टीचा. धनेशाची विण साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होऊन पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. म्हणजे पिल्लू बाहेर पडण्याचा नेमका काळ आपल्या उन्हाळी सुट्टीत येतो. शाळेबरोबर वहीही बंद झाली, तर गोष्टीचा शेवटच कळणार नाही. यासाठी गावातीलच एखादी हौशी व्यक्ती किंवा माजी विद्यार्थी यांच्याकडे सुट्टीपुरती वही सोपवावी. दुसरा अडथळा बदलीचा. उत्साही शिक्षकाची बदली झाली की त्याचा उपक्रम त्याच्या पेटीबरोबर गावाबाहेर जातो, असा आपला सार्वत्रिक अनुभव आहे. म्हणून ही वही शाळेच्या दप्तरात नोंदवावी व प्रभार देता-घेताना इतर नोंदवह्यांबरोबर तिचीही पोच घ्यावी. वही शिक्षकाची नव्हे, शाळेची. आणि शाळेची नव्हे, गावाची होय.

(ए) वर्षातून एकदा, शक्यतो ग्रामसभेच्या दिवशी, मुलांनी वर्षभराच्या नोंदींचा गोषवारा गावासमोर वाचावा. त्यात टीका नसावी, उपदेशही नसावा. अमुक इतकी मोठी झाडे होती, अमुक इतकी उरली. अमुक पक्षी इतक्या दिवसांपैकी इतके दिवस दिसला, एवढेच वाचावे. आकडे आपल्याच मुलांच्या तोंडून ऐकल्यावर पुढची चर्चा ग्रामस्थ आपण होऊन करतात.

८. अभ्यासक्रमाशी सांगड

हे सर्व करण्यास वेळ कोठून आणावा, अशी शंका रास्त आहे. शाळांवर आधीच माहितीपत्रकांचा भार पुष्कळ आहे, हे विस्तार अधिकाऱ्याहून अधिक कोण जाणणार? परंतु हा उपक्रम निराळा विषय म्हणून घ्यावयाचा नाही. घेर मोजणे, सरासरी, शेकडेवारी व स्तंभालेख हे गणित आहे. गावाचा नकाशा काढून झाडांच्या खुणा करणे हा भूगोल आहे. मालकास संमतीचे पत्र लिहिणे, आजोबांची मुलाखत घेऊन ती उतरविणे ही भाषा आहे. बीजप्रसार व अन्नसाखळी हे विज्ञान आहे. जो पाठ फळ्यावर दोन तासिकांत संपतो, तो झाडाखाली एका तासिकेत समजतो, याचा अनुभव घेऊन पाहावा. प्रथम वर्षी एकच जागा, एकच झाड व एकच वार घेतला तरी पुरे आहे. मोठ्या आरंभापेक्षा न तुटणारा आरंभ श्रेयस्कर.

पाक्केच्या राखणदारांपाशी आरंभी मोठी साधने नव्हती. रानाची माहिती त्यांना होती, गावप्रमुखांचा शब्द त्यांच्या पाठीशी होता आणि नियमाने लिहिण्याची सवय त्यांनी अंगी बाणविली. यांपैकी माहिती आपल्या गावांतील वडीलधाऱ्यांजवळ आहे, शब्द ग्रामसभेजवळ आहे आणि लिहिण्याची सवय लावणे हा तर आपला व्यवसायच आहे. तरी येत्या सत्रात प्रत्येक शाळेने निदान एका जुन्या झाडाची वही उघडावी आणि केंद्रसंमेलनात ती बरोबर आणावी. पहिल्या पानावर झाडाचे गावातील नाव, घेर, तारीख आणि मोजणाऱ्या मुलांची नावे एवढे असले तरी कार्य सुरू झाले असे समजण्यास हरकत नाही.